शिक्षकाच्या मनावरील भार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनीं केलेलें भाषण)



 महोत्सव म्हटला कीं वक्त्यानें गतकाळाची थोरवी गावी, जुन्या गुरुजनांचे गुण आठवावे आणि श्रोत्यांना प्रसन्न मनानें घरीं पाठवावें, असा शिष्टसंप्रदाय आहे. मीही तसेंच भाषण लिहावयास बसलों होतों. आपल्या वसईच्या भागांत शाळा कशा वाढल्या, केळीच्या बागांतून आणि पानवेलींतून अनवाणी येणारीं मुलें पुढें मोठमोठ्या हुद्द्यांवर कशीं पोहोंचलीं, हें सर्व सांगण्याचा माझा बेत होता. परंतु लिहितां लिहितां एका शिक्षिकेची आठवण झाली आणि लेखणी थांबली. ज्यांच्या श्रमांवर हा सर्व उत्कर्ष उभा आहे, त्यांच्या मनाची आज काय अवस्था आहे हें न सांगतां त्यांचे नुसते गोडवे गाणें मला अप्रामाणिकपणाचें वाटलें. यास्तव शिक्षकाच्या मनावरील भार, त्याचीं कारणें, त्याचे परिणाम आणि तो हलका करण्यांत आपणां सर्वांचा वांटा, या विषयावर मी आज बोलणार आहें. प्रारंभ मी स्वतःच्या अपराधापासून करतों.

सन २०११ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हां एका शाळेचा मुख्याध्यापक होतों. शाळेचें नांव घेत नाहीं. कारण दोष शाळेचा नव्हता, माझा होता. माझ्या हाताखालीं एक तरुण शिक्षिका काम करीत होत्या. पांचवीच्या त्यांच्या वर्गांत चौसष्ट मुलें होतीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा वर्गाच्या भाषेहून निराळी होती. बाईंच्या घरीं आई अंथरुणाला खिळलेली होती. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांनीं कामांत कांहींही उणें पडूं दिलें नाहीं. दिवाळीनंतर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “सर, शनिवारचा शिष्यवृत्तीचा जादा तास दोन महिने दुसऱ्या कोणाकडे देतां येईल का?” मीं कागदांवर सह्या करीत होतों. मान वर न करतां मीं उत्तर दिलें, “बाई, शिक्षण हें व्रत आहे. व्रताला सुटी नसते.” हें वाक्य मला त्या वेळीं फार सुंदर वाटलें होतें.

पुढें फेब्रुवारींत, तपासणीच्या आठवड्यांत, एके दिवशीं त्यांच्या वर्गांतून आरडाओरड ऐकूं आली. एका शांत स्वभावाच्या मुलानें तीच शंका दुसऱ्यांदां विचारली, एवढेंच निमित्त झालें होतें. बाईंनीं हातांतील पट्टी त्याच्या दंडावर मारली होती. मी जाऊन पाहतों तों मूल रडत नव्हतें. बाई रडत होत्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं राजीनामा आणून दिला. मुलावर हात उचलणें निषिद्ध आहे, यांत शंका नाहीं. मीं राजीनामा स्वीकारला आणि आपण न्यायानें वागलों असें मानून स्वस्थ बसलों. संध्याकाळीं त्यांचें कपाट उघडलें. आंत चौसष्ट निबंधवह्या ओळीनें रचून ठेवलेल्या होत्या, आणि सगळ्या तपासलेल्या होत्या. शेवटच्या वहींतील सहीखालीं आदल्याच दिवसाची, म्हणजे त्या दुर्दैवी प्रकाराच्या दिवसाची, तारीख होती. मूल मारल्याबद्दल रडलेल्या त्या बाईंनीं घरीं जाऊन, आईची शुश्रूषा करून, रात्रभर जागून त्याच मुलांच्या वह्या तपासल्या होत्या.

सभ्यहो, त्या कपाटापुढें मी किती वेळ उभा होतों तें मला आठवत नाहीं. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून राहिला आहे. त्या बाई आळशी नव्हत्या, निष्ठुर नव्हत्या, अपात्र तर खासच नव्हत्या. मग त्यांच्या हातून तें कां घडलें?

या प्रश्नाचें उत्तर शोधीत असतां मला असें दिसून आलें कीं, शहाण्या माणसांनीं या विषयाचा पुष्कळ विचार करून ठेवला आहे. इंग्लंडांत क्रिस किरियाकू आणि जॉन सटक्लिफ या दोन संशोधकांनीं सन १९७८ मध्यें तेथील माध्यमिक शिक्षकांच्या मनावरील ताणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताणाचीं कारणें त्यांना मुख्यतः चार ठिकाणीं सांपडलीं: मुलांचें बेशिस्त वर्तन, कामाची वाईट परिस्थिति, वेळेची ओढाताण आणि शाळेंतील एकंदर वातावरणाचा निकृष्टपणा. देश निराळा, काळ निराळा. परंतु हीं चारही कारणें आपल्या परिचयाचीं नाहींत असें येथें बसलेला कोणता शिक्षक म्हणेल? तथापि आपल्याकडील परिस्थितीचें रूप कांहींसें वेगळें आहे. तें मी क्रमानें सांगतों.

पहिलें कारण संख्येचें व वेळेचें. आपण साधा त्रैराशिकाचा हिशेब करूं. एका निबंधवहीला तीन मिनिटें धरलीं, तर चौसष्ट वह्यांना एकशें ब्याण्णव मिनिटें, म्हणजे तीन तास बारा मिनिटें लागतात. हा एका विषयाचा, एका वेळचा हिशेब झाला. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवी या वर्गांसाठीं तीस मुलांमागें एक, व सहावी ते आठवीसाठीं पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण सांगितलें आहे. आणि पाठाची तयारी धरून आठवड्याला पंचेचाळीस तास, हें शिक्षकाच्या कामाचें माप म्हणून दिलें आहे. हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सन २०१४ मध्यें ठरविलें. सन २०२५ मध्यें त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानें त्या निर्णयाविषयीं शंका प्रकट करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढें जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. न्यायालयांचें काम न्यायालयें करतील. परंतु कायद्यानें आपल्याला मोकळें सोडलें म्हणून न्यायबुद्धीनेंही सोडलें, असें आपण समजूं नये. तीस मुलांचें ओझें एका माणसाला पुरेसें आहे हें जर सरकारला कळतें, तर तें आपल्यालाही कळलें पाहिजे.

दुसरें कारण शिकविण्याबाहेरच्या कामांचें. त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमांत दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढींच कामें अपवाद म्हणून सांगितलीं आहेत. पण हे तीन अपवादच केवढे मोठे आहेत! त्यांच्या भरीला हजेरीपट, टाचणवही, जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांकांची जुळणी आणि संगणकावर भरावयाची माहिती. तीच माहिती आज एका रकान्यांत, उद्यां दुसऱ्या. आणि बहुधा “आज दुपारीं तीनच्या आंत” असा निरोप सकाळीं अकरा वाजतां येतो. त्या वेळीं वर्गांत मुलें असतात. शिक्षकानें मुलांकडे पाहावें कीं रकान्यांकडे? तो दोहोंकडे पाहतो, आणि दोन्ही कामें अर्धीं झालीं ही टोंचणी घेऊन घरीं जातो.

तिसरें कारण पोटाच्या अनिश्चिततेचें. बाहेरच्या माणसाला वाटतें कीं शिक्षकाची नोकरी म्हणजे पक्की भाकरी. पूर्वीं कदाचित् तसें असेल. आपल्या राज्यांत सन २००० पासून शिक्षणसेवकाची पद्धति आली. नव्या शिक्षकानें पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर काम करावयाचें. प्राथमिक शाळेंतील शिक्षणसेवकाला हें मानधन कित्येक वर्षें महिना ६,००० रुपये होतें. सन २०२३ पासून तें १६,००० रुपये झालें. विनाअनुदानित शाळांतील कित्येकांच्या वांट्याला तेवढेंही आलें नाहीं. जे कायम झाले त्यांना संचमान्यतेची धास्ती. मराठी शाळेंतील पट घटला कीं शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाची वाट पाहतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, उन्हांतान्हांत, आमचे शिक्षक दारोदार जाऊन “आपलें मूल आमच्या शाळेंत घाला” अशी विनवणी करतांना दिसतात. ज्या घरांत गुरुजी आले म्हणून पूर्वीं पाट मांडला जात असे, त्या घराच्या उंबऱ्याशीं ते आज गिऱ्हाईक शोधणाऱ्या माणसाप्रमाणें उभे असतात. ता. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, अल्पसंख्याक संस्था वगळून इतर शाळांतील ज्या शिक्षकांची नोकरी पांच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनीं दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. परीक्षा वाईट नव्हे. परंतु वीस-पंचवीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला आपली भाकरी एका परीक्षेवर टांगलेली आहे असें कळल्यावर त्याच्या मनाचें काय होत असेल, याची कल्पना आपण करावी.

चौथें कारण डोळ्यांना दिसत नाहीं, पण तेंच सर्वांत अधिक शिणवितें. कारकुनाचें मन उदास असलें तर तो मुकाट्यानें लिहीत बसतो. सुताराचें मन उदास असलें तर लांकूड तक्रार करीत नाहीं. शिक्षकाला ती सोय नाहीं. घरीं मृत्यु झालेला असो, खिशांत पैसा नसो, डोकें ठणकत असो. घंटा झाली कीं प्रसन्न मुद्रेनें वर्गांत गेलें पाहिजे. तास चालूं असतां पाणी पिण्यासही त्याला बाहेर जातां येत नाहीं, कारण मुलें एकटीं सोडतां येत नाहींत. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे राग, रुसवे, भीति आणि भांडणें तो आपल्या अंगावर घेत असतो. मुलांना शारीरिक शिक्षा करूं नये, त्यांचा मानसिक छळ करूं नये, असें कायदा सांगतो. आणि तें अगदीं योग्य आहे. पण छडी हातांतून काढून घेतांना तिच्या जागीं कोणती विद्या द्यावयाची, हें फारच थोड्या ठिकाणीं शिकविलें गेलें.

पांचवें कारण असें कीं, शाळा आतां शाळेंत संपत नाहीं. सन २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि फोनवरून शिकविणें सुरूं झालें. साथ गेली, शाळा उघडल्या. परंतु फोन मात्र शाळेच्या नोकरीवरून कमी झाला नाहीं. रात्रीं साडेदहा वाजतां पालक विचारतात, “उद्यां चित्रकलेची वही आणावयाची का?” कोणी शंभर पालकांच्या समूहांत शिक्षकाचा उणेपणा जाहीर करतो. शिक्षिकांची स्थिति तर याहून बिकट. पहाटे उठून घरचा स्वयंपाक, नंतर भरलेली लोकल, मग शाळा, आणि परत आल्यावर पुन्हां चूल, मुलांचा अभ्यास व म्हाताऱ्या माणसांची सेवा. त्यांना शिक्षिका म्हणून एक नोकरी आहे आणि गृहिणी म्हणून दुसरी. पगार मात्र एकीचाच.

हीं झालीं कारणें. आतां कोणी म्हणेल, “मास्तर, कष्ट कोणाला नाहींत? आमचा शेतकरी रात्रंदिवस राबतो.” हा आक्षेप खरा आहे आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे. सन १९७९ मध्यें रॉबर्ट कॅरासेक या संशोधकानें अमेरिका व स्वीडन येथील कामकऱ्यांच्या माहितीवरून एक मोलाची गोष्ट दाखविली. केवळ काम पुष्कळ असल्यानें माणूस खचतो असें नाहीं. काम पुष्कळ, पण तें कसें करावें हें ठरविण्याचा अधिकार मात्र थोडा, अशी जेथें स्थिति असते तेथें तो अधिक खचतो. माझ्या मतें शिक्षकाच्या दुःखाचें मर्म येथेंच आहे. मूल नापास झालें तर जाब शिक्षकाला. परंतु वर्गांत किती मुलें असावींत, कोणतें पुस्तक केव्हां संपवावें, कोणतें काम आज सोडून द्यावें, यांतलें कांहींही त्याच्या हातीं नाहीं. जबाबदारी सगळी, अधिकार थोडका आणि सोबत कोणाचीच नाहीं. माझ्या त्या शिक्षिकेनें माझ्याकडे काय मागितलें होतें? पगारवाढ नव्हे, बढती नव्हे. आठवड्याचा एक तास, आणि तोही दोनच महिने. आपल्या कामावर तिळभर अधिकार मागितला होता; आणि मीं त्यांना एक सुविचार दिला.

आतां परिणामांकडे वळूं. शरीरापासून आरंभ करतों. शिक्षकाचें हत्यार म्हणजे त्याचा घसा. मोठ्या वर्गांत, रहदारीच्या आवाजावर आवाज चढवून, वर्षानुवर्षें बोलल्यानें स्वरतंतूंना इजा होते. माझ्या स्वतःच्या घशांत गांठी झाल्या होत्या आणि सहा आठवडे मला मौन पाळावें लागलें होतें. आजही माझा आवाज असा घोगरा येतो त्याचें कारण तेंच. त्याखेरीज झोंप उडणें, डोकें दुखणें, पित्त खवळणें, रक्तदाब वाढणें, हीं ताणाचीं नित्याचीं लक्षणें आहेत. रविवारीं संध्याकाळ झाली कीं छातींत धडधड सुरूं होते, असें मला कित्येक शिक्षकांनीं एकांतांत सांगितलें आहे. चारचौघांत एकानेंही नाहीं.

मनावरील परिणाम त्याहून गंभीर आहेत. सन १९७४ मध्यें हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञानें, अति श्रमानें माणूस आंतून जळून राख होण्याच्या अवस्थेचें वर्णन केलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ती अवस्था त्याला कामचुकारांत दिसली नाहीं. मोफत दवाखान्यांत सेवाभावानें राबणाऱ्या माणसांत दिसली. पुढें क्रिस्तिना मास्लाक या विदुषीनें तिचीं तीन अंगें सांगितलीं. पहिलें, मनाची शक्ति पार आटून जाते. दुसरें, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयीं मन कोरडें होतें, आणि माणसें माणसें न वाटतां नुसते क्रमांक वाटूं लागतात. तिसरें, आपल्या हातून कांहींच चांगलें होत नाहीं अशी निराशा जडते. जागतिक आरोग्य संघटनेनेंही सन २०१९ मध्यें या अवस्थेची नोंद आपल्या वर्गीकरणांत केली. तिला रोग म्हटलें नाहीं, तर कामाच्या ठिकाणीं दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचें फळ म्हटलें. या भेदाचा अर्थ फार मोठा आहे. रोग एकट्या माणसाचा असतो. हें फळ कामाच्या ठिकाणीं पिकतें. म्हणून त्याचा विचार एकट्या शिक्षकानें करून भागत नाहीं, तें ठिकाण चालविणाऱ्यांनींही केला पाहिजे.

मास्लाकबाईंनीं सांगितलेल्या त्या दुसऱ्या अंगाकडे मी पालकांचें लक्ष विशेष वेधतों. थकलेला शिक्षक आपलें ज्ञान विसरत नाहीं. गणित तो तेंच शिकवितो, कविता तीच म्हणवून घेतो. त्याच्याजवळचें जें आधीं संपतें तें म्हणजे वात्सल्य. तीच शंका दुसऱ्यांदां विचारणारें मूल त्याला जिज्ञासु न वाटतां त्रासदायक वाटूं लागतें. मागच्या बांकावरील अबोल मुलीचे डोळे रडून सुजले आहेत, हें त्याला दिसेनासें होतें. हुशार मुलें अशा वर्गांतूनही तरून जातात. परंतु ज्या मुलाला घरीं विचारणारें कोणी नाहीं, त्याचें सर्वस्व बुडतें. म्हणून शिक्षकाच्या ताणाचा प्रश्न हा केवळ शिक्षकांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. तो आपल्या मुलांचा प्रश्न आहे, आणि त्यांतही आपल्या सर्वांत दुबळ्या मुलांचा.

येथें मला एका शब्दाविषयीं बोललें पाहिजे. तो शब्द व्रत. शिक्षकाचें कार्य थोर आहे हें मी आजही मानतों. परंतु दरवर्षीं ५ सप्टेंबरला गुलाबाचें फूल देऊन आपण शिक्षकाला सांगतों कीं तूं मेणबत्ती आहेस, स्वतः जळून जगाला प्रकाश दे. मग तो मनुष्य “मी थकलों” असें म्हणणार कसा? तसें म्हटलें तर तो व्रतभंग होतो. ज्या शब्दानें त्याचा गौरव व्हावयाचा त्याच शब्दानें आपण त्याचें तोंड बंद करतों. मीं तेंच केलें होतें. मित्रहो, मेणबत्ती जळून गेली कीं खोलींत अंधारच होतो, ही गोष्ट आपण सोयीस्करपणें विसरतों.

शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांचें उदाहरण या बाबतींत डोळे उघडणारें आहे. ते फ्रान्समधील रीम्स शहरचे श्रीमंत कुळांतील धर्मगुरु. सन १६५१ मध्यें जन्मले, १७१९ मध्यें निवर्तले. गरिबांच्या शाळांतून शिकविणाऱ्या मास्तरांची दैना त्यांनीं पाहिली, तेव्हां त्यांना त्यांनीं प्रवचन दिलें नाहीं. आधीं त्यांना आपल्या घरीं जेवावयास बोलावलें, आणि सन १६८१ मध्यें, घरच्या मंडळींचा रोष पत्करून, त्यांना आपल्याच घरीं राहावयास आणलें. पुढें त्यांनीं असा दंडक घातला कीं, आपल्या मंडळाच्या शिक्षकाला कोठेंही एकटें पाठवावयाचें नाहीं; निदान दोघे तरी एकत्र असलेच पाहिजेत. त्यांच्या शाळांतून शिक्षक सारखे ओरडत नसत. हातांत एक लहानसें साधन असे. त्याच्या ठराविक आवाजानें व खुणांनीं वर्ग चालविला जाई. भाकरी, सोबत, आणि घशाला व मनाला विसांवा, एवढ्या गोष्टींची तरतूद त्यांनीं तीनशें वर्षांपूर्वीं केली. सन १९५० मध्यें त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित करण्यांत आलें, तें उगीच नव्हे. शुभवर्तमानांतही आपण वाचतों कीं, शिष्य कामगिरीवरून परत आले तेव्हां, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दींत त्यांना जेवावयासही सवड नाहीं हें पाहून, प्रभूनें त्यांना एकांतांत नेऊन विश्रांति घेण्यास सांगितलें. त्यानें त्यांना आळशी म्हटलें नाहीं.

आतां शेवटीं चार विनंत्या करतों, आणि माझें भाषण संपवितों.

पहिली विनंती शाळांच्या चालकांना व मुख्याध्यापकांना. एकच माहिती दोनदां मागूं नका. आजारी शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यासाठीं आपल्या गांवांतील आम्हां निवृत्त शिक्षकांची एक यादी करा, आम्ही येऊं. महिन्यांतून एक तास असा ठेवा कीं ज्यांत शिक्षक एकमेकांजवळ मोकळेपणानें बोलतील आणि ज्याचें इतिवृत्त लिहिलें जाणार नाहीं. आणि एखादा शिक्षक कांहीं मागावयास आला, तर हातांतील लेखणी खालीं ठेवा व त्याच्या तोंडाकडे पाहा.

दुसरी विनंती पालकांना. तक्रार असेल तर आधीं शिक्षकाला भेटा, समूहांत लिहूं नका. रात्रीं आठनंतर त्याला फोन करूं नका. आपल्या मुलाचें कांहीं चांगलें झालें तर तेंही कळवा. चौतीस वर्षांच्या नोकरींत तक्रारीचीं पत्रें मला शेंकड्यांनीं आलीं. आभाराचीं सात आलीं. तीं सातही मीं जपून ठेवलीं आहेत.

तिसरी विनंती आपल्या धर्मग्रामाला. मुंबईच्या बँकांत व कचेऱ्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेलीं कितीतरी माणसें येथें आहेत. संगणकावर बोटें लीलेनें फिरविणारे तरुण आहेत. कागदपत्रांपैकीं जें काम बाहेरच्या माणसानें करण्यास हरकत नाहीं, तें आठवड्यांतून दोन तास येऊन त्यांनीं करावें. महोत्सवाची कमान उद्यां उतरेल. ही सेवा मात्र पुढील पन्नास वर्षें टिकेल.

चौथी विनंती माझ्या शिक्षकबांधवांना व भगिनींना. आपला थकवा लपवूं नका. तो पाप नव्हे. घसा बसला तर त्याच दिवशीं विश्रांति द्या, तीन आठवड्यांनीं नव्हे. एक तरी सहकारी असा जोडा कीं ज्याच्याजवळ “आज माझा तोल जाण्याची वेळ आली होती” असें सांगतां येईल. झोंप उडाली असेल, जगणें नकोसें वाटत असेल, तर वैद्याकडे जावयास लाजूं नका. सन २०२२ पासून सरकारनें टेलि-मानस नांवाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयीं विनामूल्य बोलतां येतें. आणि मुलावर हात उचलण्याची वेळ येण्यापूर्वीं वर्गाबाहेर येऊन मदत मागा. मदत मागण्यांत मानहानि नाहीं. ती न मिळाली तर मानहानि आम्हां वरिष्ठांची आहे.

त्या शिक्षिका दोन वर्षांपूर्वीं मला वसईच्या बाजारांत भेटल्या. आतां त्या एका कचेरींत काम करतात. मीं त्यांची क्षमा मागितली. बारा वर्षें उशीर झाला होता, पण मागितली. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “जाऊं द्या, सर. मुलें अजून आठवतात. शाळा आठवत नाहीं.”

एक उत्तम शिक्षिका आपल्या हातून गेली, ती अशी. तिला थांबविण्यासाठीं मला फार कांहीं करावयाचें नव्हतें. शनिवारचा एक तास स्वतः घ्यावयाचा होता. आज या सभागृहांत अशाच कोणीतरी शिक्षिका बसल्या असतील, आणि उद्यां त्या कोणाकडे तरी असेंच थोडेंसें कांहीं मागतील. ज्याच्याकडे मागतील त्यानें माझी ही गोष्ट आठवावी, एवढ्यासाठींच मीं ती आपल्यापुढें सांगितली.